गुलब्याची उजवी बाजू

माझ्या तोंडाला लगाम न्हाई, हे मला कुनी सांगायची गरज न्हाई. आमच्या प्रवरेकाठच्या अकोल्याच्या खोऱ्यात कुनालाबी इचारा, सूर्यभानाची भैन साळूबाई कशी हाय? म्हनतील, मनानं चांगली हाय हो, पन तिच्या तोंडी लागू नका. खरंच हाय ते. ह्याच तोंडानं म्या माझ्या भाच्याचं जमत आलेलं लगीन मोडलं. मग ते जोडायला काय काय करावं लागलं, ते सांगते. मधी बोलायचं न्हाई, न्हाईतर मी उठंन आनि जाईन.

भाचा म्हंजी गहिनीनाथ, माझ्या भावाचा एकुलता एक. मी लग्नानंतर दोन वर्सांत इधवा झाले आनि माहेरी परत आले. पुढं भावजय तापात गेली, तवा गहिनी तीन वर्सांचा. तवापासनं त्याला न्हाऊमाखू म्याच घातलं, आनि धपाटे बी म्याच दिले. पोरगं निघालं गरीब. उंच, काळंसावळं, कामाला वाघ, पन बोलायचं म्हनलं की जनू तोंडात गुळाचा खडा. एका शब्दाचं काम असलं तर अर्ध्यात भागवायचं. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच.

प्रवरेच्या काठाला आमचा ऊस. साखर कारखाना लांब, म्हनून सगळा ऊस गुळाला जायचा. लोकांनी इंजिनावरचे चरक आनले, आमचा अजून बैलाचाच हुता. मधी लोखंडी चरक, त्याच्या डोक्याला लांब लाकडी दांडी, आनि दांडीच्या टोकाला बैल. बैल गोल चालला की चरक फिरतो, उसाचा रस निघतो, तो शेजारच्या काहिलीत आटवायचा. बैल हाकायला गहिनी. आनि मधी, चरकाच्या बुडाशी खड्ड्यात बसून, चरकाला ऊस लावायची ती मी. दांडी डोक्यावरनं जायची. वीस वर्सं ती जागा माझी, दुसऱ्या कुनाला बसू दिलं न्हाई.

एकाहत्तर साली, ऐन गुऱ्हाळात, पुनतांब्याचं स्थळ आलं. रंगनाथरावांची राही. गोदावरीच्या काठचं शेतकरी घर, पोरगी शिकून तिथल्याच शाळंत मास्तरीन झाल्याली. मी भावाला म्हनलं, "दादा, मास्तरीन आपल्या घरात? ती काय उसाची चिपाडं उचलनार हाय व्हय?" पन रंगनाथरावांना जावई शेतकरीच पायजे हुता. आनि गहिनीनं पोरीचा फोटू बघायला घेतला, तो परत दिलाच न्हाई. इचारलं तर म्हनला, "ठिवलाय कुटंतरी." मी समजायचं ते समजले.

रविवारी आमी तिघं बघायला गेलो. सतरंजी, पोहे, चहा, समदं रीतसर. पोरगी आली, पाटावर बसली. प्रश्न इचारायचं काम माझं. नाव इचारलं. भाकरी हातावर करतीस का परातीत थापतीस, इचारलं. हुलग्याचं माडगं येतं का, इचारलं. तिनं सगळी नीट उत्तरं दिली, आवाज न चढवता आनि न पाडता. मला आवडली हुती, खोटं कशाला बोलू? गहिनी तर खाली मान घालून बशीतल्या पोह्यांशी खेळत बसला हुता, पन त्याचे कान लालबुंद झालेले मला दिसत हुते.

बोलायला काई उरलं न्हाई तसं दादा म्हनला, "रेडिओवर सांगत हुते, परवा आनिक दोघं चंद्रावर उतरले म्हनं."

"उतरले की!" रंगनाथराव खुशीत आले. "आमची राही शाळंत पोरांना त्येच तर शिकवती. राही, पाव्हन्यांचं इचारून झालं, आता तुला काई इचारायचं असंल तर तू बी इचार बरं का."

असं बोलायची एक रीत असती. आनि पोरीनं नुसती मान हलवून आत जायाचं, ही बी रीतच असती. पन ह्या पोरीनं मान वर केली आनि थेट गहिनीकडं बघितलं.

"चंद्र पृथ्वीभोवती फिरतो," ती म्हनाली. "पण आपल्याला त्याची कायम एकच बाजू दिसते. पलीकडची कधीच दिसत नाही. असं का होत असेल?"

गहिनीनं बशी खाली ठिवली. जरा इचार केला. आनि म्हनला, "मला न्हाई ठाऊक. तुमी सांगा की."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! चारचौघांत, बघायच्या कार्यक्रमात, नवरा मुलगा म्हनतो मला ठाऊक न्हाई? अरं, काईतरी ठोकून द्यायचं! पोराची अब्रू वाचवायची म्हनून मग मीच पुढं झाले.

"त्यात काय एवढं?" मी म्हनलं. "चंद्र सोताभवती फिरत न्हाई, म्हनून. आमच्या चरकाचा बैल बघ. चरकाभवती गोल चालतो, पन सोताभवती गिरकी घेतो का? न्हाई. म्हनून मी मधी बसते ती मला कायम त्याची डावीच बाजू दिसती. उजवी कंदीच न्हाई. तसाच तुझा चंद्र."

"वा!" रंगनाथराव म्हनले. दादानं मांडीवर थाप मारली. आनि ती पोरगी हसली. वाईट न्हाई, चांगलं हसली, पन हसली.

"आत्या, उदाहरण इतकं छान दिलंत की मी उद्या मुलांना सांगेन," ती म्हनाली. "फक्त उत्तर चुकलं."

"चुकलं?"

"हो. चंद्र स्वतःभोवती फिरतो. फिरतो म्हणूनच तर..."

म्या तिला पुरं बोलूच दिलं न्हाई. "अगं ए! त्या बैलाच्या मधी वीस वर्सं मी बसते का तू? तू मास्तरीन असशील तुझ्या शाळंत. हितं मी वरमाय हाय! पाटावर बसल्याली पोरगी वरमायची चूक काढती, ती उद्या चुलीपाशी काय करंल? दादा, ऊठ. आपल्याला न्हाई परवडायचं हे."

रंगनाथराव हात जोडत मागं आले. पोरगी उठून आत गेली. दादा म्हनला, "साळू, जरा दमानं घे." पन माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं. चपला घातल्या आनि वाट धरली. कोपरगावपासनं संगमनेरपर्यंत एसटीत कुनी एक अक्षर बोललं न्हाई. मला वाटलं, माझं बरोबर हाय म्हनूनच सगळी गप हायत.

गहिनी रागवत न्हाई, हीच त्याची वाईट खोड. रागावला असता तर तो दोन शब्द बोलला असता, मी चार बोलले असते, मिटलं असतं. हा बाबा नुसता बैलामागं चालायचा. मी खड्ड्यातनं मान वर करावी तवा हा खाली बघत चाललेला. तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी मीच म्हनलं, "तोंडाला कुलूप लावलंय का? एवढं काय झालं?"

तो चालता चालता म्हनला, "मला ती पसंत हुती, आत्ये."

"मग तिथंच बोलला का न्हाईस?"

"तू बोलत हुतीस."

एवढंच. पुढं बैलाला हाक दिली आनि चालू लागला. माझ्या हातातला ऊस तसाच ऱ्हायला. इतक्या वर्सांत कुनी मला असं सरळ गप केलं नव्हतं. ज्याला कडेवर घिऊन वाढवलं त्याच्या तोंडचा घास म्याच काढला, असं वाटून जीव कासावीस झाला. पन चूक कबूल करायची कशी? ती सवयच नव्हती अंगाला. आनि चूक काय हाय, ते तरी कुटं कळलं हुतं? बैल गिरकी घेत न्हाई, हे मी उघड्या डोळ्यांनी रोज बघत हुते की.

पुढच्या बुधवारी माझी कंबर धरली. खड्ड्यात वाकून बसवंना. गहिनी म्हनला, "तू दांडीवर बस. बैल आपसूक चालतो. ऊस मी लावतो." बैल हाकनारं मानूस दमलं की दांडीच्या टोकावर बसून फेऱ्या मारतं, पन मी आजवर कवाच बसले नव्हते. ती बसले. माझ्या खड्ड्यात गहिनी उतरला.

लई ग्वाड वाटलं हो! ऊन कवळं, घुंगरं वाजतायत, काहिलीतल्या रसाचा वास. बसल्या बसल्या समोर आधी डोंगर आला. मग नदी आली. मग आमचं घर, मग उसाचा फड, आनि परत डोंगर. वीस वर्सं एकाच कोपऱ्याकडं तोंड करून बसल्याली बाई मी, मला वाटलं कुनी फुकटात गाव दाखवायला काढलंय. पाच फेऱ्या झाल्या, धा झाल्या. मग डोंगर नदीत गेला, नदी घरात शिरली, आनि मी दांडीवरनं धप्पदिशी चिपाडाच्या ढिगात.

गहिनी पळत आला. "लागलं का, आत्ये?"

"न्हाई रं. भोवळ आली."

"पहिल्यांदा येती. एवढं फिरल्यावर येनारच की."

"मी कुटं फिरले? मी तर नुसती बसल्याली. चालला तो बैल, आनि तो बी सरळ नाकासमोर..." आनि मी बोलता बोलता थांबले.

नाकासमोर खरं. पन नाक कुटं हुतं? एकदा डोंगराकडं, एकदा नदीकडं, एकदा घराकडं, एकदा फडाकडं. एका फेरीत चारी दिशांना तोंड झालं म्हंजी गिरकी झाली की ती! हळू झाली म्हनून कळली न्हाई, एवढंच. बैलानं घेतली, दांडीनं घेतली, आनि दांडीवर बसल्याल्या म्या बी घेतली. मधी बसल्यावर ती दिसत न्हाई. कशी दिसनार? मधल्याला वाटतं, हा माझ्याकडं एकच कूस करून चाललाय.

चिपाडातनं मान वर केली तर गुलब्या उभा. बैलाचं नाव गुलब्या, दसऱ्याला नवा घेतलेला. मी बाहेरच्या अंगाला पडल्याली, म्हनून त्याची उजवी बाजू माझ्याकडं. कुशीवर तळहाताएवढा तांबूस डाग.

"हा डाग कवाचा?" मी म्हनलं.

"जन्माचा," गहिनी म्हनला. गोठ्याचं समदं तोच बघायचा, मी तिकडं फिरकत बी नव्हते. सबंध हंगाम तो बैल माझ्याभवती फिरला आनि मला डाग ठाऊक न्हाई.

तरी मन मानंना. मी उठून मधी उभी ऱ्हायले. "गहिन्या, आता तू माझ्याभवती चाल. पन तोंड डोंगराकडंच ठेव. काई झालं तरी वळायचं न्हाई. सोताभवती अजिबात फिरायचं न्हाई, समजलं?"

बिचारा चालला. कधी खेकड्यासारखा आडवा, कधी उलट्या पावलांनी. आधी मला त्याचं तोंड दिसलं. मग डावी कूस दिसली. मग पाठ. मग उजवी कूस. समदी अंगं दिसली की! म्हंजी जो सोताभवती फिरत न्हाई, त्याचीच समदी अंगं मधल्याला दिसतात. आनि कायम एकच बाजू दिसायची तर त्यानं एका फेरीला एक गिरकी घेतलीच पायजे. पोरगी बरोबर हुती. पोरगी सोळा आने बरोबर हुती!

"काय चाललंय तुमचं?" दादा काहिलीपाशनं वरडला. "गूळ करपंल!"

मी हसायला लागले. डोळ्यांतनं पानी येईस्तवर हसले. आपन चुकलो हे कळल्यावर मानसाला वाईट वाटतं म्हनतात. मला तर असं वाटलं, कुनीतरी खिडकी उघडली. गहिनी बघतच ऱ्हायला.

"उद्या धुतलेला सदरा घाल," मी त्याला म्हनलं. "पुनतांब्याला जायाचं."

दादा म्हनला, "येडी झालीस का? मोडलेल्या सोयरिकीला परत जातं का कुनी? लोक तोंडात शेन घालतील."

"घालू दे. मोडली म्या, मीच जाते."

पहिल्या गाडीनं निघालो. वाटेत गहिनीला पढवला. "हे बघ, उत्तर तू शोधलंस असं मी सांगनार. तू नुसतं व्हय म्हनायचं." तो खिडकीबाहेर बघत बसला. कोपरगावाहून पुनतांब्याच्या गाडीत एक बाई शेजारी बसली, तिला मी सहज राहीबद्दल इचारलं.

"राही मास्तरीन व्हय? गुनाची पोर," बाई म्हनाली. "तिला येत्या रविवारी श्रीरामपूरची मंडळी येनारेत बघायला. नोकरीवाला मुलगा हाय. जमल्यात जमा म्हना."

गहिनीनं मांडीवरची पिशवी उचलली आनि परत मांडीवर ठिवली. खाली उतरल्यावर म्हनला, "आत्ये, जाऊ दे. परत फिरू."

"गप. शाळा कुटं हाय ते इचार."

घरी जायाचं न्हाई, हे म्या आधीच ठरवलं हुतं. रंगनाथरावांनी दारातनंच हात जोडले असते. आनि उत्तर द्यायचं हुतं ते रंगनाथरावांना न्हाईच.

शाळा नुकती भरल्याली. राहीचा वर्ग पटांगनात उन्हाला बसला हुता, चाळीसेक पोरंपोरी. पुढं टेबल, टेबलावर एक डांगर भोपळा आनि एक पेरू. राही खडू घिऊन उभी. आमाला बघितलं आनि तिचं बोलनं मधीच तुटलं.

"आत्या? या ना. बसा."

"बसायला न्हाई आले," मी म्हनलं. "उत्तर घिऊन आले. चंद्र सोताभवती फिरतो. एका फेरीला एक गिरकी, ना जास्त ना कमी. म्हनून आपल्याला त्याची एकच बाजू दिसती. आनि हे उत्तर ह्या गहिनीनं..."

"आत्यानं काढलं," गहिनी म्हनला. "मी न्हाई. मी नुसता तिनं सांगितलं तसा चाललो."

मेल्याला एवढी दोन तास शिकवन दिली, सगळी पान्यात! पन त्यानं असं म्हनल्यावर मला आड उभं ऱ्हायला काईच उरलं न्हाई. मग म्हनलं, होऊन जाऊ दे.

"बरं, म्या काढलं. आनि पोरी, त्या दिवशी माझं चुकलं. उत्तर बी चुकलं आनि बोलनं त्याहून जास्त चुकलं. तू खरं सांगत हुतीस आनि म्या तुला पुरं बोलू दिलं न्हाई. माझा राग ह्याच्यावर काढू नको. ह्याचा त्यात काई दोष न्हाई."

पंचेचाळीस वर्सांत हे शब्द म्या सख्ख्या भावाला बी म्हनले नव्हते. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हनाली, "बाई, यांना पैकीच्या पैकी द्या!" सगळी पोरं हसली. राही बी हसली, आनि ह्या वेळेला मी बी हसले.

"कसं कळलं तुम्हाला?" तिनं इचारलं. तिचे डोळे असे चमकत हुते, रागाचा मागमूस न्हाई. मग म्या दांडीवरनं पडल्यापासनं समदं सांगितलं. पोरं खदाखदा हसत हुती आनि ही टाळ्या वाजवत हुती. "मी तीन वर्षं शिकवते आहे," म्हनाली, "पण असं मला नव्हतं सुचलं! या, आता मी तुम्हाला दुसरं दाखवते. हे डांगर म्हणजे पृथ्वी. वीतभर आहे. मग चंद्र या पेरूएवढा. आता सांगा, पेरू डांगरापासून किती लांब धरायचा?"

म्या पेरू घेतला आनि डांगरापासनं दोन हातांवर धरला. चंद्र दिसतो की रोज, डोंगरावरनं काठीनं पाडावा असा.

"अजून," ती म्हनाली. मी मागं सरले. "अजून." आनिक सरले. "अजून, आत्या, अजून!" पोरं बी वरडायला लागली, अजून, अजून. मी सरत सरत पार कडुलिंबाच्या झाडापाशी गेले तवा कुटं तिनं हात वर केला. पंधरा हात! आमच्या चरकाच्या दांडीच्या दुप्पट.

"पृथ्वीसारख्या तीस पृथ्व्या ओळीनं ठेवल्या की चंद्र येतो," ती म्हनाली. "दोन लाख चाळीस हजार मैल. आणि तेही कायम तेवढंच नाही. तुमची दांडी लाकडाची, ती लांबआखूड होत नाही. चंद्राची होते. कधी तो चौदा हातांवर येतो, कधी सोळा हातांवर जातो. तो बघा."

शाळेच्या मागं, पश्चिमेला, वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र मावळायच्या बेतात हुता. दिवसाउजेडी, धुतलेल्या चिंधीसारखा पांढरा. एवढी वर्सं म्या त्याला बघून उपास सोडले, आनि तो तिकडं चौदा हात, सोळा हात करत फिरत हुता.

"एका फेरीला किती दिस लागतात?" मी इचारलं.

"सत्तावीस, आणि वर थोडे तास."

"म्हंजी रोजचं एक नक्षत्र!" मी वरडले. "सत्तावीस नक्षत्रं, सत्तावीस दिस! अगं, हे तर आमाला ठाऊक हाय की!"

"ठाऊक आहेच, आत्या," ती म्हनाली.

तिनं पोरांकडनं पंधरा हाताची दोरी धरवली आनि चुन्यानं मोठी गोल रेघ मारली. मधी डांगर ठिवलं. "आता चंद्र कोण होणार?" तिनं इचारलं. पोरांचे चाळीस हात वर झाले. पन मी गहिनीला ढोसला, आनि त्याला रेघेवर नेऊन उभा केला.

"ह्याला चालायची सवय हाय," मी म्हनलं. "पन बाई, डांगर पडलं खाली. त्याच्याकडं बघत चालंल तर पोराची मान मोडंल. तुमीच उभ्या राहा मधी."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला समजलं. मी समजू दिलं. तिनं डांगर उचलून एका पोरीच्या हातात दिलं आनि मधी जाऊन उभी ऱ्हायली.

"तोंड माझ्याकडेच ठेवायचं," ती गहिनीला म्हनाली. "कुठंही बघायचं नाही."

"बरं," तो म्हनला.

आनि चालला. हळूहळू, आडव्या पावलांनी, तिच्याकडं बघत. मी कडुलिंबाला टेकून उभी, हातात तो पेरू. मनात म्हनलं, देवा, ही एक फेरी नीट होऊ दे. रविवारला तीनच दिस ऱ्हायले हुते.

गोल पुरा करून तो परत तिथंच येऊन थांबला.

"काय काय दिसलं?" राहीनं मास्तरनीच्या आवाजात इचारलं.

"आधी शाळा दिसली, तुमच्या मागं," गहिनी म्हनला. "मग रस्ता. मग देवळाचा कळस. मग नदीकडची झाडं. मग परत शाळा."

"म्हणजे तुम्ही स्वतःभोवती फिरलात की नाही?"

"फिरलो."

"किती वेळा?"

"एकदा." मग आपनहून पुढं बोलला. एवढं लांब वाक्य तो जन्मात कवा बोलला नसंल. "समदं गाव फिरून गेलं माझ्या म्होरनं. पन मी तुमच्याकडंच बघत हुतो."

मास्तरनीचा आवाज कुटं गेला कुनास ठाऊक. तिनं हातातला खडू दुसऱ्या हातात घेतला.

"आत्या," ती माझ्याकडं न बघता म्हनाली, "आजवर मला सहा जण बघून गेले. सगळ्यांना मी हाच प्रश्न विचारला. एक म्हणाला, ढग आडवे येतात. एक म्हणाला, बायकांनी असलं विचारू नये. एकानं तर पाच मिनिटं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. 'मला ठाऊक नाही, तुम्ही सांगा,' असं म्हणणारे हे एकटेच. त्या दिवशी तुम्ही रागावलात, तरी मी आत गेले ती आईला तेच सांगायला. बाहेर आले तर तुम्ही चपला घालून निघून गेला होतात."

"अगं बाई!" मी कडुलिंबाच्या पारावर बसले. "म्हंजी उत्तराची गरजच नव्हती?"

"नव्हती. पण तुम्ही आणलंत म्हणून फार बरं वाटलं." मग ती पोरांकडं वळली. "मुलांनो, कुणीतरी पळत आमच्या घरी जा. आबांना सांगा, रविवारच्या मंडळींना येऊ नका म्हणून कळवायचं."

कुनीतरी कसलं! समदा वर्ग उठला. चाळीस पोरं पाटीदप्तर टाकून फाटकातनं सुटली, बाईंचं लगीन ठरलं, बाईंचं लगीन ठरलं, असं गाव डोक्यावर घेत. शेजारच्या वर्गातले मास्तर बाहेर आले. मी एकीकडं रडत हुते, एकीकडं हसत हुते, आनि पदर कशाला लावावा ते कळत नव्हतं.

गहिनी तेवढा जागचा हलला न्हाई. पाय रेघेवर, तोंड तिच्याकडं, सांगितलं तसा. पुढं काय करायचं ते त्याला कुनी सांगितलंच नव्हतं.

"आता कशाला तिथं उभे?" राही म्हनाली. "इकडे या की."

पंधरा हात अंतर हुतं. तो सरळ चालत गेला.